शंभराला एक, दहाला दोन

ती घटना आठवली की आजही आधी हळदीचा वास येतो आणि मागोमाग स्वतःचंच हसू येतं. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मला फार दिवस झाले नाहीत. लोक भेटले की म्हणतात, "मॅडम, एखादा खुनाचा तपास सांगा, दरोड्याचा सांगा." तेही पाहिले. पण ज्या तपासानं मला पोलीस केलं, त्यात रक्ताचा थेंब नव्हता. होती डोंगरावरची एक म्हातारी, अमेरिकन नोटांची एक लहानशी गड्डी आणि स्वतःला फार शहाणी समजणारी एक फौजदारीण. ती फौजदारीण म्हणजे मी.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. पोलादपूर ठाण्यात मी उपनिरीक्षक म्हणून नवीन होते. वय अठ्ठावीस. तेव्हा खात्यात बायका मोजक्याच, त्यामुळे पुरुषांपेक्षा दुप्पट कडक दिसायचं असा माझा नियम होता. आकाश भरून आलेलं असलं तरी मी गॉगल काढत नसे. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी लेखी आदेश काढला : ठाण्याच्या आवारात तंबाखू बंद. आमचे हवालदार माझ्याहून चोवीस वर्षांनी मोठे. अक्षर मोत्यासारखं आणि तंबाखू मुलखावेगळी. त्यांनी आदेशावर सही केली आणि त्या दिवसापासून ते दर पाऊण तासानं "जीपची हवा बघून येतो" म्हणून आवाराबाहेर जायला लागले. जिल्ह्यात कुठल्याही सरकारी गाडीची हवा इतक्या वेळा तपासली गेली नसेल.

मार्च महिना होता. वीस तारखेच्या सत्याग्रह दिनासाठी महाडला चवदार तळ्यावर माणसं लोटायची, म्हणून अर्ध्याहून जास्त ठाणं बंदोबस्ताला गेलेलं, मोठे साहेबही तिकडेच. मागे उरलो मी, हवालदार आणि दोन शिपाई. म्हणजे त्या आठवड्यापुरती ठाण्याची मालकीण मीच. गॉगल अजूनच घट्ट बसला.

मंगळवारी सकाळी दोन माणसं आली. पुढे साठीची एक बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत, पाय धुळीनं भरलेले. डोंगरावरच्या वाडीतून पहाटे निघाली होती. मागे तिचा पुतण्या, तिशीतला, मुंबईत कापडाच्या दुकानात कामाला. नावं कुणाचीच लिहीत नाही. पुतण्या तिला काकी म्हणायचा, म्हणून मीही काकीच म्हणते.

"बाय गो, तूच साहेब काय?" काकीनं विचारलं.

"मॅडम म्हणा."

"बरं, म्याडम बाय. माझं पैसं गेलं."

"कुठले पैसे?"

"अमेरिकेचं."

मी हवालदारांकडे पाहिलं. हवालदारांनी छताकडे पाहिलं. मग काकीला बसवून एकेक विचारत गेलो, तेव्हा सगळं उलगडलं.

काकीची एकुलती एक लेक नर्स होती, सिंगापूरला. जावई बोटीवर, सहा-सहा महिने दर्यात. लेकीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल हाती लागलं नाही. आता तिसरी वेळ. आठवा सरत आलेला, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलेलं आणि घरात पाणी द्यायला माणूस नाही.

"बाळातपन माहेरी होतं नव्हं?" काकी म्हणाली. "तिला माहेरी येता येत नाय, तर माहेरानं उठून तिच्याकडं जायला नको? शुक्रवारचं इमान हाय."

तिकीट लेकीनं धाडलं होतं. अडचण वेगळीच होती. तिकडच्या विमानतळावर उतरल्यावर विचारतात, खर्चाला काय आणलंय ते दाखवा. दाखवायला काही नसलं तर आल्या पावली परत. म्हणून काकीनं दुभती म्हैस विकली. पुतण्या तिला मुंबईला परकीय चलन देणाऱ्या अधिकृत कचेरीत घेऊन गेला. तिथल्या बाबूनं सांगितलं की ट्रॅव्हलर्स चेक घ्या, हरवले तरी पैसे परत मिळतात. घेताना एक सही करायची आणि वटवताना त्याच्यासमोर दुसरी. आता काकीचा अंगठा. पासपोर्टवरसुद्धा अंगठाच. बाबू म्हणाला, मग रोख न्या. म्हणजे ज्याला लिहिता येतं त्याचे पैसे हरवले तर मिळणार आणि ज्याला येत नाही त्यानं हरवूच द्यायचे नाहीत.

ट्रॅव्हलर्स चेक हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पण मान अशी हलवली, जणू माझ्या पेटीत त्यांची चळत पडली आहे.

तर रोख डॉलर घेतले, काही शंभराचे, काही दहाचे. पासपोर्टवर नोंद झाली. रविवारी वाडीत देवीपुढे नोटा ठेवल्या. सोमवारी काकी आणि पुतण्या महाडला एजंटाकडे गेले. हा एजंट पासपोर्टचे अर्ज भरून द्यायचा, तिकिटं काढून द्यायचा, झेरॉक्सचं दुकान चालवायचा. त्यानं नोटा तपासायला मागितल्या, आतल्या खोलीत नेल्या आणि एका कापडी पट्ट्यात घालून, वरून खाकी चिकटपट्टी गुंडाळून बाहेर आणल्या. म्हणाला, "परदेशात पैसे असे कमरेला बांधतात. आता हे मुंबईच्या विमानतळावरच उघडायचं. तोवर हात लावायचा नाही." पुतण्याचं घर पक्कं, म्हणून पट्टा त्याच्या ट्रंकेत कुलपात ठेवला.

आणि आज मंगळवार, देवीचा वार. पुजाऱ्यानं भल्या पहाटेच प्रवासासाठी अंगारा दिला. काकी म्हणाली, अंगारा पैशाबरोबरच राहील. एजंटानं काहीही सांगो, देवीचा अंगारा चिकटपट्टीच्या बाहेर कसा ठेवायचा? तिनं कोयत्यानं पट्टी कापली. आत नोटांच्या मापानं कापलेले जुन्या कॅलेंडरचे तुकडे निघाले. एका तुकड्यावर अर्धी एकादशी होती.

"शुक्रवारी इमान हाय, म्याडम बाय," काकी पुन्हा म्हणाली. रडत नव्हती. "आजचा मंगळवार गेला."

हवालदार फिर्याद लिहून घेऊ लागले. काकी बोलत होती, ते जसंच्या तसं लिहीत होते. मध्येच ती म्हणाली, "नोटा समद्या सारख्याच, एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या. आपली शंभराची कशी लांबूनच वळखते! मला वाचता येत नाय. टॅक्शीवाल्यानं दहाच्या जागी शंभराची नेली तर? म्हणून देवीपुढं ठेवल्यावर मी हळदीच्या बोटानं खूण केली. शंभराच्या नोटंला कोपऱ्यात एक टिपका, दहाच्या नोटंला मधोमध दोन. आमच्याकडं समद्यांची शेरडं एकत्रच चरतात, मग ज्यानं त्यानं आपल्या शेरडाला गेरूची खूण केलेली असते. तसंच."

मी हात वर केला. "हवालदार, हे हळदीकुंकू कशाला लिहिताय? मुद्द्याचं तेवढं लिहा. ते खोडा."

"मॅडम, लिहून झालंय."

"मग खोडा ना."

"फिर्यादीत खाडाखोड चालत नाय, मॅडम," हवालदार शांतपणे म्हणाले आणि पुढच्या ओळीवर गेले.

मला राग आला. परदेशी चलनाचा, पासपोर्टचा एवढा नाजूक गुन्हा, माझा पहिला स्वतंत्र तपास, आणि त्यात शेरडं. वर साहेबांनी वाचलं तर काय म्हणतील! पण खाडाखोड चालत नाही हे खरंच होतं. ती ओळ राहिली. माझ्या साऱ्या नोकरीत मला न जुमानता राहिलेली ती सगळ्यात मौल्यवान ओळ.

गुन्हा दाखल झाला आणि मी तपासाला लागले, म्हणजे पुतण्याच्या मागे लागले. ट्रंक त्याची, किल्ली त्याची, बोलताना अर्धं हिंदी आणि कपाळावर घाम. मला आणखी काय हवं होतं? सिनेमात पाहिलं होतं तसा टेबलावर दिवा ठेवायला सांगितला. नेमकी वीज गेली. मग खिडकी उघडली आणि उन्हात बसवून विचारपूस केली.

"किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडं."

"मग?"

"म्याडम, एक बोलू काय? मला खायाचेच असते तर मुंबईतच खाल्ले असते ना? इथपर्यंत आणले, देवीच्या पायाशी ठेवले, आणि मग चोरले? देवीच्या तोंडासमोरून? ऐसा कौन करता है?"

प्रश्न बिनतोड होता. मी माझ्या वहीत त्याच्या नावापुढे एकच शब्द लिहिला, "उद्धट".

दुपारी एजंटालाही जबाबाला बोलावलं. तो आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं पुस्तकातल्यासारखं. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

"मॅडम, मी मदत करायला जातो आणि माझ्याच गळ्यात पडतं बघा," तो हसून म्हणाला. "ही साधी माणसं. नोटांना चक्क हळद फासून आणली होती. मी ओल्या फडक्यानं पुसून दिली. अशा नोटा तिकडे कोण घेणार? सगळ्या मोजून, बांधून यांच्या हातात दिल्या. पुढे ट्रंकेची किल्ली कुणाकडे होती, तेवढं बघा."

मी मान डोलावली. माणूस किती नीट बोलतो!

काकी दाराशी बसली होती. ती म्हणाली, "मी त्याला सांगत व्हते, पुसू नको रे, मग मी वळखू कशी? म्हनाला, तिकडं वाचून दावतील." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्याडम बाय, त्याला खुर्ची नि माझ्या पुतण्याला बाकडं?"

मी गॉगल काढून पुसायला घेतला.

संध्याकाळी हवालदार हवा बघायला गेले ते तासभर आलेच नाहीत. आल्यावर मी झापलं. ते म्हणाले, "जरा कशेडीच्या पायथ्यापर्यंत हवा बघितली, मॅडम." मला वाटलं, थट्टा करतात.

बुधवारी सकाळी ठाण्याचा फोन वाजला. कशेडी घाटाच्या पायथ्याशी महामार्गावर एक हॉटेल होतं. गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबायच्या, त्यात गोरी माणसंही असायची. मालक आखातात दहा वर्षं काढून आलेला, त्यामुळे परदेशी नोटा ओळखणारा. तो फोनवर म्हणाला, "मॅडम, काल हवालदारमामा सांगून गेले होते, कुणी डॉलर विकायला आलं तर कळवा. आत्ता महाडचा तो फॉर्मवाला आला होता. शंभराच्या नोटेला काय देशील विचारत होता. मी म्हटलं, मला नको बाबा ते लफडं. परत महाडच्या बाजूला गेला."

मी रिसीव्हर ठेवला. हवालदार दारात उभे होते, जणू फोनच्या दुसऱ्या टोकालाही तेच होते.

"तुम्हाला कालच माहीत होतं?"

"माहीत काय असणार, मॅडम? ज्याच्याजवळ डॉलर असणार, तो ते मोडायला कुठं जाणार, एवढंच धरलं. घाटाच्या अलीकडं डॉलर कळणारं दुसरं कोण हाय?"

रात्रभर काकीबरोबर ठाण्यातच थांबलेल्या पुतण्याला मी बाकावरून उठवून खुर्ची दिली. चहा मागवला. तो कपाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. शेवटी म्हणाला, "म्याडम, इसमें कुछ है क्या?"

काकीला जीपमध्ये घेतलं आणि महाडला निघालो. हद्द तिथली, म्हणून महाडच्या ठाण्यात रीतसर नोंद केली. दोन पंच घेतले. एक शेजारचा सायकल दुरुस्तीवाला, दुसरे निवृत्त पोस्टमन. काकीला मुद्दाम जीपमध्येच बसवलं. वस्तू सापडण्याआधी फिर्यादीची नजर तिच्यावर पडू नये, एवढं मला पुस्तकातलं ठाऊक होतं.

दुकानाची झडती सुरू झाली. गल्ला, कपाट, आतली खोली. काही नाही. एजंट हात बांधून उभा, ओठांवर तेच नीट हसू. शेवटी हवालदारांनी झेरॉक्सच्या कागदांची एक रीम उचलली. वेष्टन फोडलेलं होतं, पण पुन्हा नीट चिकटवलेलं. कागदांच्या मधोमध डॉलरची गड्डी निघाली.

मला वाटलं, झालं! संपलं! पण एजंट घाबरला नाही. उलट त्यानं सुस्कारा टाकला.

"मॅडम, आता कबूल करतो. गोव्याला जाणाऱ्या एका गोऱ्याकडून घेतले. महामार्गावर त्याला रुपयांची नड होती. परवाना नसताना परकीय चलन घेतलं, ही माझी चूक. काय दंड असेल तो भरतो. पण त्या बाईंचे पैसे हे नव्हेत. नोटेवर कुणाचं नाव लिहिलेलं असतं का?"

मी फिर्यादीबरोबरचे कागद चाळले. कचेरीच्या पावतीवर नोटांचे नंबर नव्हते. आकडा जुळत होता, पण शंभराच्या आणि दहाच्या नोटा तर जगभर सारख्याच. वकील अर्ध्या मिनिटात सोडवून नेईल. शुक्रवारचं विमान जाईल. तिकडे ती पोर तिसऱ्या वेळी एकटीच पडून राहील.

मी दहाची एक नोट उचलून उजेडात धरली. मधोमध काहीतरी पिवळट वाटत होतं. असंही वाटत होतं आणि तसंही. जुन्या नोटेवर असतो तसा मळ म्हटलं तर मळ. मी ती नाकाशी नेली. वास आला म्हटलं तर आला.

आणि मला एकदम माझी भातुकली आठवली. आजोळी परसात बसून आम्ही पोरी कुंकू तयार करायचो. आजीच्या पानाच्या डब्यातला चुना पळवायचा आणि हळदीत कालवायचा. पिवळ्याचं लाल व्हायचं. दुसरीतल्या पोरीला जे ठाऊक होतं, ते फौजदारीण बाईंना दोन दिवस आठवलं नव्हतं.

"हवालदार, चुना द्या."

हवालदार सरळ उभे राहिले. "मॅडम, ठाण्यात तंबाखूला बंदी हाय. माझ्याकडं चुना कुठला?"

"हवालदार!"

"हवा बघायला लागतो थोडासा," असं पुटपुटत त्यांनी खिशातून पितळेची डबी काढली. मी हात पुढे केला, तर ती त्यांनी मागे घेतली. "आधी फिर्याद वाचू, मॅडम. पंचांच्या समोर. मग चुना."

कसलेला माणूस. मी उतावळी. त्यांनी कागद काढला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "शंभराच्या नोटेला कोपऱ्यात एक टिपका, दहाच्या नोटेला मधोमध दोन." मी ज्या ओळीसाठी भांडले होते, ती ओळ. पंचांनी ऐकली. एजंटानंही ऐकली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

चुना पाण्यात पातळ कालवला आणि काडीला कापूस गुंडाळून त्या दहाच्या नोटेवर मधोमध फिरवला. क्षणभर काहीच नाही. मग हिरवट कागदावर एक तांबडा टिपका उमलला. त्याच्या शेजारी दुसरा. गोल, बोटाच्या पेराएवढे.

निवृत्त पोस्टमनांनी नकळत हात जोडले. सायकलवाला म्हणाला, "आयला, नोटेला कुंकू आलं!"

एजंट घाईघाईनं म्हणाला, "माझ्याच हाताची असेल. परवा त्यांच्या नोटा पुसल्या, तेव्हा हळद हाताला लागली असेल, तीच याला..."

"हाताला लागलेली हळद फासली जाते," मी म्हणाले. आवाज कुठून आला कोण जाणे, पण तो पहिल्यांदाच माझा स्वतःचा होता. "ती मोजून दोन टिपके काढत नाही. आणि तुमच्या त्या गोऱ्यानं गोव्याला जाता जाता देवीपुढे बसून नोटांना खुणा केल्या, असं म्हणायचं आहे का?"

तो स्टुलावर बसला. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर एक मोठा ओला डाग पडला होता. पुढे त्यानं सगळं सांगितलं. काकीनं पट्टा विमानतळावर उघडला असता, तर चोरी मुंबईची ठरली असती आणि त्याचं नाव कुणाच्या ध्यानीमनीही आलं नसतं. ठरवलेलं सगळं बरोबर होतं. अंगारा तेवढा त्यानं धरला नव्हता.

मला चेव आला होता. मी शंभराची नोट उचलली. हवालदारांनी माझं मनगट धरलं, पहिल्यांदा आणि शेवटचं. "एक बास, मॅडम. बाकीच्या काकीला तिकडं चालवायच्या हायत."

काकीला चुना लावायला निघालेल्याला शेवटी चुन्यानंच धरलं, हा विनोद हवालदारांनी तिथेच केला आणि निवृत्त होईपर्यंत भेटेल त्याला ऐकवला.

जीपपाशी जाऊन मी काकीला सांगितलं. ती खाली उतरली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले. "दे."

आणि मला उरलेला कायदा आठवला. जप्त केलेल्या नोटा म्हणजे मुद्देमाल. खटला चालेपर्यंत मुद्देमाल ठाण्याच्या कपाटात. खटला चालायला वर्षं लागतात.

"काकी, आत्ता नाही देता येत."

तिचे हात तसेच राहिले. "सापडलं म्हनालीस ना?"

"सापडले. पण कोर्टाच्या हुकमाशिवाय..."

"बाय गो," ती म्हणाली, "चोराकडं व्हते तवा मला मिळत नव्हते. आता पोलिसाकडं हायत, तरी मिळत नाय. मग फरक काय?"

इतक्या वर्षांत कुठल्याही वकिलानं मला इतका अवघड प्रश्न विचारला नाही.

त्या दुपारी मी जितकं लिहिलं तितकं परीक्षेतही लिहिलं नसेल. एकेका नोटेचा नंबर पंचनाम्यात घेतला. स्टुडिओत नेऊन दोन्ही बाजूंचे फोटो काढून घेतले. पासपोर्टवरची नोंद, कचेरीची पावती, तिकीट, लेकीच्या डॉक्टरांचं पत्र, सगळं जोडलं आणि मुद्देमाल सुपूर्दनाम्यावर फिर्यादीच्या ताब्यात मिळावा म्हणून अर्ज केला. गुरुवारी सकाळी महाडच्या कोर्टात हजर व्हायचं होतं.

गुरुवारी गावात पाय ठेवायला जागा नव्हती. तळ्याकडे निघालेली माणसं रस्ता भरून वाहत होती. जीप बाहेरच सोडली आणि चालत निघालो. पुढे हवालदार, मध्ये नोटांची पिशवी छातीशी धरलेली मी, मागे काकी आणि पुतण्या. एका बाईनं काकीची पावलं बघितली आणि न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. काकी घटाघटा प्यायली. "कुठं चाललीस, आये?" "लेकीचं बाळातपन हाय." "मग सोडा गो वाट!" ती बाई ओरडली आणि खरोखरच वाट झाली.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी अर्ज वाचला. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "या नोटा परदेशात खर्च होणार. मग खटल्याच्या वेळी कोर्टाला काय दाखवणार?"

"फोटो आणि पंचनामा, सर. आणि जिच्यावर खूण उमटली आहे ती दहाची नोट मुद्देमालातच राहील."

सरकारी वकिलांनी हरकत नसल्याचं सांगितलं. साहेबांनी त्या दोन तांबड्या टिपक्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि मग काकीला विचारलं, "तुमची काही हरकत?"

"एक ठेवा, साहेब," काकी म्हणाली. "पण जपा. ती माझ्या नातवंडाची हाय."

हुकूम झाला. काकीनं सुपूर्दनाम्यावर अंगठा उठवला, मोठा आणि ठसठशीत. त्या कागदावर माझ्या वळणदार सहीपेक्षा तोच उठून दिसत होता. नोटा हातात आल्यावर तिनं आधी काय केलं सांगू? कंबरेच्या पुडीतून हळद काढली आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बसून, पुसट झालेल्या खुणा पुन्हा काढल्या. शंभराला एक, दहाला दोन. या वेळी मी तिच्यासाठी नोटा निवडून देत होते.

शुक्रवारी ती गेली.

पंधरा-वीस दिवसांनी ठाण्यात परदेशातून फोन आला. आवाज लांबून, खोल आडातून आल्यासारखा, पण शब्द ओळखीचे. "म्याडम बाय! मुलगी झाली! दोघी बऱ्या हायत!" आणि मग श्वास न घेता, "टॅक्शीवाल्याला मी बरोब्बर दिलं गो! पोरीनं तिथल्या दहाच्या नोटा बदलून मागवल्या, तर त्यांना पन दोन-दोन टिपकं केलं! विमानतळावरचा साहेब नोटांकडं बघून हसला, मी पन हसले!" फोन कट झाला. मी हवालदारांना म्हटलं, आज एक तास ठाण्यात तंबाखूबंदी उठवली. ते म्हणाले, "लेखी द्या, मॅडम." मी लेखी दिलं.

काही वर्षांनी खटल्याचा निकाल लागला. एजंटाला शिक्षा झाली. निकालात साहेबांनी त्या फिर्यादीतली हळदीची ओळ जशीच्या तशी उतरवली होती. मुद्देमाल परत द्यायचा हुकूम झाला, तेव्हा माझी बदली दुसरीकडे झालेली, पण मी त्या दिवशी मुद्दाम महाडला गेले. काकी आली होती, आणि तिच्या बोटाला धरून एक नात, सुट्टीला आजोळी आलेली. कारकुनानं पाकीट उघडून नोट काढली. टिपके तांबूस तपकिरी झाले होते, पण होते. पोरीनं विचारलं, "आजी, ही चालते का?"

"नाय चालत, बाय," काकी म्हणाली. "म्हणून तर राहिली."

त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत मी फिर्याद लिहून घेताना माणसाला मध्ये कधी थांबवलं नाही. शेरडं असोत, देवी असो, स्वप्न असो, जे सांगतील ते लिहा म्हणायचे. मला जे अडाणीपण वाटतं, ते बहुतेक वेळा त्या माणसाचं शास्त्र असतं, आणि शास्त्र मला कळत नसलं की मीच अडाणी. आणखी एक गोष्ट मी शिकले. खुर्ची आधी कुणाला दिली, ते दाराशी बसलेलं माणूस बघत असतं.

परवा माझी लेक पहिल्यांदाच परदेशी निघाली. रोख पैसा जवळजवळ नाहीच, सगळं कार्डावर. कार्डं दोन, दोन्ही निळी, एकसारखी. एकात जास्त पैसे, एकात कमी. ती बॅग भरत होती, तेव्हा मी देवघरातल्या हळदीत बोट बुडवून आणलं आणि तिची कार्डं उलटी करून मागच्या बाजूला खुणा केल्या.

"आई! अगं, काय केलंस! पूस ते!"

मी गॉगल डोळ्यांवर चढवला. अजून आहे तो माझ्याकडे. म्हटलं, "फिर्यादीत खाडाखोड चालत नाही."